एका अक्षराचा वाद आणि आमची चरित्रे लिहिण्याची रीत

एका संन्याशाच्या उपाधीत ‘म’च्या पुढे एक स्वर लिहावा की लिहू नये, एवढ्यावरून त्याच्या शिष्यमंडळांत मतभेद पडावा, आणि तो मतभेद अमेरिकेसारख्या दूरच्या देशात अर्धशतकाहून अधिक काळ टिकून राहावा, ही गोष्ट वरवर पाहणारास हास्यास्पद वाटण्याजोगी आहे. ज्याने आपले घर, गोत्र आणि जन्मनाव अग्नीत टाकले, त्याच्या नावाच्या शुद्धाशुद्धतेचा खल शिष्यांनी करीत बसावे यापरते वैराग्याचे विडंबन ते कोणते, असेही कोणी म्हणेल. परंतु आमच्या मते हा विषय हसण्यावारी नेण्याचा नाही. व्यापारी मनुष्यास हुंडीवरील नावातील एका अक्षराची किंमत ठाऊक असते. वारसाचा दाखला मागावयास गेलेल्या गृहस्थास तर ती फारच चांगली ठाऊक असते. मग ज्यांच्या वचनांवर लक्षावधी लोक आपले आयुष्य बेतून घेतात, त्यांच्या नावागावाची व जन्ममृत्यूची नोंद मात्र कशीही असली तरी चालेल, हा न्याय कोठचा? या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध उदाहरणावरून आज करावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे परमहंस योगानंद यांचे होय.

प्रथम निर्विवाद तेवढे सांगतो. योगानंदांचे जन्मनाव मुकुंदलाल घोष. जन्म ५ जानेवारी १८९३ रोजी गोरखपूर येथे झाला. वडील भगवतीचरण घोष हे बंगाल-नागपूर रेल्वेत वरिष्ठ अधिकारी होते. १९१० साली काशीत त्यांची व श्रीयुक्तेश्वर गिरी यांची भेट झाली, आणि १९१५ साली कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्याच वर्षी त्यांनी संन्यास घेऊन योगानंद हे नाव धारण केले. १९१७ साली बंगालमधील दिहिका येथे त्यांनी मुलांची शाळा काढली. कासिमबझारचे महाराज मणींद्रचंद्र नंदी यांच्या साहाय्याने ती पुढील वर्षी रांचीस आली. १९२० साली बोस्टन शहरी भरलेल्या उदारमतवादी धर्मपरिषदेस ते हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून गेले आणि तेथेच राहिले. १९२५ मध्ये लॉस एंजेलिस येथील माउंट वॉशिंग्टन या टेकडीवर त्यांच्या संस्थेचे मुख्य ठाणे झाले. १९२७ च्या जानेवारीत अध्यक्ष कूलिज यांनी त्यांची भेट घेतली. १९३५-३६ साली ते एकदा स्वदेशी येऊन गेले. १९४६ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या फिलॉसॉफिकल लायब्ररी या प्रकाशनसंस्थेने त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याचे मराठीसह पुष्कळ भाषांत रूपांतर झालेले आहे. ७ मार्च १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या बिल्टमोर हॉटेलात, हिंदुस्थानचे राजदूत विनयरंजन सेन यांच्या सत्कारप्रसंगी भाषण करून संपताच, त्यांचा देह पडला. १९७७ साली, त्यास पंचवीस वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

महाराष्ट्राशीही या चरित्राचा धागा जुळलेला आहे. १९३५ च्या ऑगस्टात मुंबईस उतरल्यावर योगानंद वर्ध्यास जाऊन महात्मा गांधींस भेटले, आणि महात्माजींसह तेथील काही मंडळींस आपण क्रियायोगाची दीक्षा दिली असे त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे. गुरूच्या देहावसानानंतर त्यांचे पुनर्दर्शन आपणांस १९३६ च्या जूनमध्ये मुंबईच्या एका हॉटेलात झाले, असेही तेच ग्रंथ सांगतो. पुढे गांधीजींच्या रक्षेचा काही अंश पुण्यातील एका पत्रकार-प्रकाशकाने योगानंदांकडे पाठविला. तो कॅलिफोर्नियात १९५० साली उघडलेल्या त्यांच्या सरोवराकाठच्या मंदिरात ठेविलेला आहे.

आता वादाचे अक्षर पाहू. १९३५ च्या अखेरीस बंगालमधील श्रीरामपूर येथे श्रीयुक्तेश्वरांनी आपल्या शिष्यास ‘परमहंस’ ही उपाधी दिली, आणि ‘स्वामी’ या पूर्वीच्या उपाधीच्या जागी ही घ्यावी असे सांगितले. हे सर्व तोंडी झाले, आणि तेही बंगाली माणसांच्या आपसांतील बोलण्यात. तेथे रोमन लिपीचा संबंध नव्हता. पाश्चात्य शिष्यांस हा उच्चार जड जाईल, असा विनोदी विचार त्या क्षणी आपल्या मनात आला, असे योगानंदांनीच नमूद केले आहे. अमेरिकेस परतल्यावर त्यांनी ही उपाधी रोमन अक्षरांत लिहिली ती ‘एम’ला लागूनच ‘एच’ लिहून, म्हणजे आपण बोलताना ‘परम्‌हंस’ असे म्हणतो त्या उच्चारास धरून. १९४६ च्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर हेच रूप आहे. त्यांच्या निधनानंतर काही वर्षांनी त्यांच्या संस्थेने ‘एम’ व ‘एच’ यांच्यामध्ये आणखी एक ‘ए’ घालून ‘परमहंस’ असे पूर्ण संस्कृत रूप स्वीकारले. संस्थेबाहेर पडलेले त्यांचे एक अमेरिकन शिष्य क्रियानंद यांनी १९६८ साली ‘आनंद’ नावाची वसाहत स्थापन केली. त्या मंडळींनी मात्र जुनेच रूप चालू ठेविले. तेव्हापासून त्या एका ‘ए’वरून पुस्तक कोणत्या पंथाचे हे ओळखता येऊ लागले. कपाळीच्या गंधावरून शैव की वैष्णव हे जसे ओळखावे, त्यातलाच हा प्रकार झाला.

न्यायाने पाहता दोन्ही पक्षांस काही आधार आहे. नवे रूप घेणारे म्हणतात की, ‘परम’ व ‘हंस’ मिळून झालेला हा संस्कृत समास आहे. त्यातील ‘म’ हलन्त नाही. सबब विद्वन्मान्य रीतीने लिहिताना तो ‘अ’ लिहिलाच पाहिजे. व्याकरण त्यांच्या बाजूचे आहे. जुने रूप ठेवणारे म्हणतात की, ज्याचे नाव त्याने हयातीत, शुद्धीवर असताना, आपल्या ग्रंथावर जसे छापू दिले तसेच ते राहिले पाहिजे. गुरूचे लिखाण सुधारण्याचा अधिकार शिष्यास नाही. व्यवहार व पुरावा त्यांच्या बाजूचा आहे. गंमत अशी की, देवनागरीत लिहू म्हटले तर हा वाद उद्भवतच नाही. ‘परमहंस’ असे लिहिले की संस्कृतज्ञ त्यातील ‘अ’ उच्चारील, मराठी वा हिंदी बोलणारा तो गिळून टाकील, आणि कागदावर दोघांचे एकमत राहील. आमच्या लिपीत जो प्रश्न नाही तो परक्या लिपीने उत्पन्न केला, आणि तो सोडविण्याची खटपट आम्ही त्याच लिपीत करीत बसलो. यात आमच्या परावलंबनाचे जे चित्र दिसते ते विचार करण्याजोगे आहे.

हे परावलंबन एका उपाधीपुरते नाही. दत्त घराण्यातील नरेंद्रनाथ १८९३ साली शिकागोस गाजले तेव्हा तेथील वर्तमानपत्रांनी ‘विवेकानंद’ हा शब्द मध्येच तोडून त्यांस ‘विवे कानंद’ केले, जणू काही कानंद हे आडनाव असावे. ठाकुरांचे ‘टागोर’ झाले आणि आम्हीही तेच गिरवीत बसलो. याहून वाईट म्हणजे रोमन रूप फिरून आपल्या भाषेत येते तेव्हा ते मूळ विसरलेले असते. योगानंदांच्या परमगुरूंचे नाव श्यामाचरण लाहिरी. लोक त्यांस आदराने ‘लाहिरी महाशय’ म्हणत. बंगाली ‘श’ रोमनमध्ये ‘एस’ने लिहिला गेला, आणि आज कित्येक मराठी लेखांत ‘महासय’, ‘महासया’ असे छापलेले दिसते. ‘महाशय’ हा आपल्या घरचा शब्द, पण तो इंग्रजीच्या वेषात आल्यामुळे आपणांस ओळखता येत नाही! ‘युक्तेश्वर’ याचे ‘युक्तेस्वर’ होते तेही असेच. ज्या गावी श्रीयुक्तेश्वरांचा आश्रम होता त्यास इंग्रजीत सेरामपूर म्हणतात, पण त्याचे खरे नाव श्रीरामपूर. हे न जाणणारा लेखक एक तर ‘सेरामपूर’ या मूळच्या नव्हे अशा नावाचे गाव वसवितो, नाही तर ते अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर समजतो. नावाच्या शुद्धतेचा आग्रह हा पंडितांचा चाळा नव्हे, हे यावरून दिसून येईल. नाव बिघडले की माणूस हरवतो, आणि गाव बिघडले की पुरावा हरवतो.

येथवर अक्षराची गोष्ट झाली. पण अक्षराच्या पाठोपाठ हक्काचा प्रश्न येतो, आणि तो आला तसा न्यायालयातही गेला. १९९० साली योगानंदांच्या मूळ संस्थेने ‘आनंद’ मंडळीवर अमेरिकेच्या न्यायालयात दावा लावला. तो बारा वर्षे चालला. एक मुद्दा नावाचा होता. ‘आत्मसाक्षात्कार’ या अर्थाचा इंग्रजी शब्द आमच्या संस्थेच्या नावात आहे, सबब तो इतरांनी वापरू नये, असे संस्थेचे म्हणणे होते. १९९५ साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने ते फेटाळले. योगमार्गात हा शब्द सर्वसामान्य आहे, त्यावर एकाची मालकी सांगता येत नाही, असा निर्णयाचा आशय होता. बाजारातील भाषेत बोलावयाचे तर, गुळाच्या व्यापाऱ्यास आपल्या दुकानाच्या नावाची नोंद करता येईल, पण ‘गूळ’ या शब्दाची करता येणार नाही. उपनिषदांचा जो विषय, त्या विषयाच्या नावावर व्यापारी चिन्ह म्हणून हक्क सांगितला जावा, आणि तो हक्क नाही असे सांगण्यास अमेरिकन न्यायाधीश लागावा, हे वाचून आमच्या देशबांधवांस काय वाटेल ते त्यांनीच ठरवावे.

दुसरा मुद्दा ग्रंथस्वामित्वाचा होता, आणि तो कायद्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे ग्रंथावरील हक्क प्रथम अठ्ठावीस वर्षे चाले. मुदत संपताना नूतनीकरण केले तर तो पुढे चाले, न केल्यास ग्रंथ सर्वांचा होई. ग्रंथकार वारला असेल तर नूतनीकरणाचा अधिकार बायकामुलांस, ती नसल्यास मृत्युपत्राच्या व्यवस्थापकास, तोही नसल्यास जवळच्या नातलगांस असे. ग्रंथकाराने ज्यास हक्क लिहून दिला त्यास तो आपोआप मिळत नसे. संस्थेने नूतनीकरण आपल्या नावाने केले होते. हे लिखाण संस्थेचे नोकर या नात्याने योगानंदांनी केले, किंवा संस्था हीच त्याची कर्ती, अशा तऱ्हेचे तिचे म्हणणे होते. २००० साली वरिष्ठ न्यायालयाने ते मानले नाही. संन्याशाने स्वतःच्या अंतःप्रेरणेने जे लिहिले ते कोणाच्या नोकरीत लिहिले असे म्हणता येणार नाही, असेच त्याचे तात्पर्य. आणि त्यायोगे १९४६ ची आवृत्ती कोणासही छापता येऊ लागली. याचा एक परिणाम असा झाला की, आज कोणीही वाचक पहिली आवृत्ती व पुढच्या आवृत्त्या शेजारी ठेवून कोठे काय बदलले हे ताडून पाहू शकतो. चरित्राच्या शोधास याहून मोठा लाभ नाही.

कारण आत्मचरित्र झाले तरी तो एका पक्षाचा जबाब आहे, हे विसरून चालत नाही. १९२८ साली मायामी शहराच्या पोलीसप्रमुखाने योगानंदांची व्याख्याने बंद पाडली. गोऱ्या स्त्रिया एका काळ्या माणसाचे ऐकावयास जातात ही त्या भागातील लोकांची पोटदुखी होती. आत्मचरित्रात या प्रसंगास जागा मिळालेली नाही. रांचीपासूनचे त्यांचे सहकारी धीरानंद १९२९ साली त्यांच्यापासून वेगळे झाले, आणि पुढे उभयतांत पैशाच्या रोख्यावरून न्यायालयात वाद झाला; तो वृत्तांतही वाचकास तेथे सापडावयाचा नाही. या गोष्टी लपविण्यासारख्या होत्या असे आम्हांस मुळीच वाटत नाही. उलट मायामीची हकीकत कळली म्हणजे त्या माणसाने कोणत्या परिस्थितीत काम केले हे कळते. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी मनुष्य ‘गोरा’ नाही, सबब त्यास नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निवाडा दिला होता. १९४६ साली कायदा बदलेपर्यंत ही दारे बंद होती. म्हणजे ज्या देशात योगानंद १९२० पासून हजारोंच्या सभांत बोलत होते, त्या देशाचा नागरिक होण्यास ते सव्वीस वर्षे अपात्र होते. ते नागरिक झाले १९४९ साली. भक्तांनी लिहिलेल्या चरित्रात चमत्कारांस पाने मिळतात आणि या अपमानास ओळही मिळत नाही. आमच्या मते खरा धैर्याचा भाग येथे आहे.

चमत्काराच्या पुराव्याचेही एक उदाहरण घेऊ. योगानंदांच्या निधनानंतर त्यांचा देह वीस दिवस अविकृत राहिला, याविषयी तेथील स्मशानसंस्थेच्या अधिकाऱ्याचे साक्षांकित पत्र प्रसिद्ध आहे, आणि त्यातील उतारे वारंवार छापले जातात. पण त्याच पत्रात, नेहमीच्या प्रमाणात औषधी द्रव भरून देहाचे रक्षण करण्यात आले होते, असेही लिहिलेले आहे; सामान्यतः छापल्या जाणाऱ्या उताऱ्यात ते वाक्य येत नाही. त्या अधिकाऱ्यास तरीही जे पाहिले ते असामान्य वाटले, हे त्याचे मत त्याने प्रामाणिकपणे दिले आहे, आणि ज्यास त्यावर श्रद्धा ठेवावयाची त्याने खुशाल ठेवावी. आमचे म्हणणे एवढेच की, कोणत्याही न्यायाधीशापुढे दस्तऐवजाचा अर्धा भाग वाचून बसणारा वकील टिकत नाही. जे न्यायमंदिरात लज्जास्पद, ते देवमंदिरात शोभते असे कोणी समजू नये. श्रद्धेस सत्याचे भय असेल तर ती श्रद्धा नव्हे. ती वकिली होय, आणि तीही वाईट वकिली.

यावर कोणी म्हणेल, हे दोष अमेरिकेतील संस्थेचे; आम्हांस त्याचे काय? तर घरच्या गोष्टीकडे वळू. तुकोबांच्या जन्मसालाविषयी आमच्या अभ्यासकांनी मांडलेली मते १५६८ पासून १६०८ पर्यंत पसरलेली आहेत. ज्याचे अभंग घरोघर पाठ आहेत त्याच्या वयात चाळीस वर्षांचे अंतर! ते पडण्यास तीन-चारशे वर्षांचा काळ तरी कारण आहे. पण शिर्डीचे साईबाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी समाधिस्थ झाले. त्या वेळी छापखाने होते, वर्तमानपत्रे होती, मुलकी दप्तरे होती. तरी त्यांचे जन्मनाव व जन्मस्थान यांविषयी निश्चित पुरावा नाही. बाबांनी स्वतः ते सांगितले नाही, आणि तो त्यांचा अधिकार होता. परंतु न सांगितलेल्या जागी निरनिराळ्या कथा येऊन बसल्या, आणि त्याचा शेवट काय झाला? २०२० च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील पाथरी हे जन्मस्थान म्हणून त्याच्या विकासास शंभर कोटी रुपये देण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी केली, आणि तिच्या निषेधार्थ शिर्डी गाव १९ जानेवारीस कडकडीत बंद राहिले. पाथरीस निधी मिळावा की न मिळावा हा आमचा विषय नाही. शंभर वर्षांपूर्वी जे टिपून ठेवावयाचे, किंवा ‘हे माहीत नाही’ असे स्पष्ट लिहून ठेवावयाचे, ते न केल्याने बाजारपेठ बंद पडते, हे मात्र व्यापारी मंडळींनी ध्यानात धरावे.

पुराव्याच्या कायद्यात एक सूक्ष्म पण शहाणपणाचे तत्त्व आहे. ऐकीव गोष्ट हा पुरावा नव्हे, हा सामान्य नियम. पण मृत मनुष्याने नात्यागोत्याविषयी केलेले विधान ग्राह्य धरतात, जर ते वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेले असेल तर. १८७२ च्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून नव्या साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. त्याचे मर्म असे की, वादाच्या आधी मनुष्य सत्य बोलतो, वाद पेटल्यावर तो पक्ष बोलतो. म्हणून सत्पुरुषांच्या चरित्राची नोंद ही वादापूर्वी झाली पाहिजे; त्यांच्या हयातीत, निदान त्यांस पाहिलेली माणसे जिवंत आहेत तोवर. पुण्यतिथीच्या पन्नासाव्या वर्षी स्मरणिका काढून हे काम होत नाही.

अशी नोंद करणे आमच्या प्रकृतीस मानवत नाही, आम्ही भावनाप्रधान लोक, इतिहास हे पाश्चात्यांचे शास्त्र, असे एक सोयीस्कर मत आहे. ते खोटे आहे, आणि त्याचा खोटेपणा दाखविण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. तेराव्या शतकाच्या शेवटच्या चरणात म्हाइंभट याने चक्रधरस्वामींचे ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, तेव्हा ज्या ज्या माणसाने स्वामींस पाहिले होते त्याच्याकडे जाऊन, त्याच्या तोंडून आठवण ऐकून, स्थळ व प्रसंग यांसह ती उतरून घेतली. मूळ पोथी पुढे परचक्राच्या धामधुमीत नष्ट झाली असे परंपरा सांगते. मग आठवणीतून जे पाठ निरनिराळ्या शिष्यांनी उभे केले, त्यांतील फरकही पंथाने नावानिशी जपले. अमक्याच्या मते असे, तमक्याच्या मते तसे, असे लिहून ठेवण्याची ही सचोटी सातशे वर्षांपूर्वी मराठी मनुष्याजवळ होती. बंगाल्यातही महेंद्रनाथ गुप्त यांनी १८८२ ते १८८६ या काळात रामकृष्ण परमहंसांच्या भेटीचा वृत्तांत तिथिवारासह आपल्या दैनंदिनीत टिपून ठेविला, आणि १९०२ ते १९३२ या काळात त्याचे पाच भाग प्रसिद्ध केले. या दोघांची भक्ती कोणाहून उणी नव्हती. भक्ती होती म्हणूनच त्यांस गुरूचा शब्द जसाच्या तसा हवा होता.

आमच्या व्यापारी वाचकांस हे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्यांच्या दुकानात हेच शास्त्र रोज चालते. आधी कीर्द, मग खतावणी. ज्या दिवशी जो व्यवहार झाला तो त्या दिवशीच्या कीर्दीत पडला पाहिजे. खाते नंतर मांडता येते. खोडाखोड करावयाची झाल्यास जुना आकडा वाचता येईल असा ठेवून वर सुधारणा लिहितात; पानच फाडून नवे लावणाऱ्या गुमास्त्यास कोणी ठेवून घेत नाही. आमच्या संतचरित्रांचे दुखणे हे की त्यांत खतावणी भरगच्च आणि कीर्द कोरी! पुण्याची जमा मोठी, पण कोणत्या दिवशी, कोणाच्या साक्षीने, याची नोंद नाही.

तेव्हा संस्थाने, मठ, भक्तमंडळे आणि गावोगावची ग्रंथालये यांस आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, सत्पुरुषाचे नाव प्रथम त्याच्या स्वतःच्या भाषेच्या लिपीत लिहावे, आणि जन्मनाव, दीक्षानाव व उपाधी ही तिन्ही वेगवेगळी करून, प्रत्येक केव्हा व कोणी दिली ते सांगावे. दुसरी, रोमन रूप त्याच्याखाली द्यावे. ज्याने हयातीत जे रूप वापरले ते आधी, आणि विद्वन्मान्य रूप वेगळे असल्यास नंतर. रूप बदलावयाचे असेल तर कोणी, कोणत्या साली व कोणत्या कारणाने बदलले हे छापावे. माणसाने नाव बदलले तर तो राजपत्रात जाहीर करतो, संस्थेने त्याहून कमी का करावे? तिसरी, जुने पत्र, सही वा मुखपृष्ठ छापताना त्यातील अक्षरास हात लावू नये. ग्रंथाच्या मथळ्यावर संस्कृत रूप घालणे हा संपादकाचा अधिकार. दुसऱ्याच्या सहीत अक्षर घालणे हा कोणाचाच अधिकार नाही. चौथी, प्रत्येक नव्या आवृत्तीत मागच्या आवृत्तीपासून काय बदलले याची यादी द्यावी. पाचवी, ज्यांनी सत्पुरुषास प्रत्यक्ष पाहिले त्यांचे जबाब, त्यांच्याच शब्दांत, नावगाव व तारीख घालून, दोन साक्षीदारांसमोर लिहून घ्यावे, आणि परस्परविरुद्ध असले तरी तसेच ठेवावे. सहावी, ही कागदपत्रे संस्थेच्या कपाटात कुलूपबंद न ठेविता त्यांची प्रत सार्वजनिक ग्रंथालयात ठेवावी. या सहा गोष्टींस कळसाच्या सोन्याच्या शतांशही खर्च नाही.

योगानंदांच्या उपाधीचा निकाल मग कसा लावावा? आमच्या मते १९४६ च्या ग्रंथाचा उतारा देणाराने त्या ग्रंथातील रूप ठेवावे; संस्कृत शब्दाची चर्चा करणाराने संस्कृत रूप लिहावे; आणि मराठी लिहिणाराने ‘परमहंस’ असे लिहून, या भांडणास आपल्या भाषेत जागा नाही म्हणून समाधान मानावे. परंतु कोणत्याही पक्षाने, आपले रूप हेच गुरूचे आणि दुसऱ्याचे ते पाखंड, असे म्हणू नये. ज्या गुरूने ती उपाधी दिली त्याने ती उच्चारली होती, लिहिली नव्हती.

संन्याशास नावाचा मोह नसतो हे खरे. पण त्याचे नाव ज्यांच्या उपयोगाचे, त्या समाजास ते नीट ठेवण्याचे कर्तव्य असते. परक्या देशातील न्यायालयाने आमच्या एका योग्याच्या लिखाणाचा हक्क कोणाचा आणि ‘आत्मसाक्षात्कार’ हा शब्द कोणाच्या मालकीचा नाही, हे ठरविले. पुढच्या खेपेस तरी असे प्रश्न आमच्याच कागदपत्रांवरून, आमच्याच लिपीत सुटावेत अशी इच्छा असेल, तर ती कागदपत्रे आज तयार झाली पाहिजेत. ज्यांच्या गावी, ज्यांच्या घराण्यात, ज्यांच्या आठवणीत असा कोणी पुरुष आहे, त्यांनी पुढच्या उत्सवाची वर्गणी गोळा करण्यापूर्वी एक कोरी वही विकत घ्यावी आणि तिच्या पहिल्या पानावर त्याचे नाव, त्याच्याच भाषेत, शुद्ध लिहून तारीख घालावी.